सत्तेच्या गैरवापराविरुद्ध उभे राहताना : आरोपापासून तडजोडीच्या कागदापर्यंत

सरकारने, किंवा सरकारच्या नावाने वागणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने, अधिकाराचा गैरवापर केला असे म्हणायला वेळ लागत नाही. तेच म्हणणे अशा रीतीने मांडायचे की समोरच्याला ते झटकून टाकता येऊ नये, हे मात्र कष्टाचे काम आहे. लोकांचा राग खरा असतानाही अनेक आंदोलने लवकर विरतात, याला दडपशाही कारणीभूत असतेच. परंतु आरोपच सैल होता, हेही कारण पुष्कळदा असते आणि त्याबद्दल आंदोलनातली माणसे फारशी बोलत नाहीत. पुढील मार्गदर्शन म्हणूनच आरोपाच्या बांधणीपासून सुरू होते. कायद्याचा तपशील देशागणिक बदलतो, त्यामुळे प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी आपल्या ठिकाणच्या वकिलाशी बोलणे आवश्यक आहे. कामाचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच राहतो.

हे कोणत्या अधिकाराने केले?

आपल्याला न पटलेला निर्णय आणि अधिकाराचा गैरवापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सरकारचे काम सोपे होते. चुकीच्या धोरणाला मतदानाने, चर्चेने, टीकेने विरोध करता येतो. गैरवापर म्हणण्यासाठी मात्र याहून नेमके काही दाखवावे लागते : कृती करणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता, किंवा अधिकार होता, पण ज्या हेतूसाठी तो दिला होता त्याऐवजी सूड उगवण्यासाठी वा तोंड बंद करण्यासाठी तो वापरला गेला, किंवा नोटीस, सुनावणी, लेखी कारणे या ठरलेल्या पायऱ्या गाळल्या गेल्या, किंवा सगळ्यांसाठी असलेला नियम फक्त विरोधकांवरच बजावला गेला. यांपैकी आपला आरोप कोणता, हे एका वाक्यात लिहिता येईपर्यंत पत्रक छापू नये. निवडक अंमलबजावणीचा आरोप सर्वांत मोहक आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड असतो, कारण त्यासाठी आपल्यावर काय झाले एवढे सांगून भागत नाही. तेच करणाऱ्या इतरांवर काय झाले नाही, हेही पुराव्यानिशी मांडावे लागते.

‘हे कोणत्या अधिकाराने केले?’ हा प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७६२ साली राजाच्या दूतांनी एका मंत्र्याच्या हुकूमनाम्यावर जॉन एंटिक या लेखकाच्या घरात शिरून त्याचे कागद उचलून नेले. एंटिकने त्या दूतांवरच दावा लावला आणि १७६५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की असा हुकूम काढण्याचा अधिकार देणारा कायदा दाखवता येत नसेल, तर तो अधिकार अस्तित्वातच नाही. राज्याची निकड हा बचाव न्यायालयाने मानला नाही. ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ प्रकरण याच प्रश्नावर कोसळले. तेथील सरकारने सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांच्या वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून, संगणकाच्या आधारे लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा धाडल्या आणि कर्ज नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच टाकला. कायदा बदलल्याशिवाय असे करता येणार नाही, हे २०१४ मध्येच सरकारच्या अंतर्गत कायदेशीर सल्ल्यात म्हटले होते. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदेशीर असल्याचे सरकारला मान्य करावे लागले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिच्यावर अत्यंत कठोर अहवाल दिला.

आणीबाणी, साथ किंवा युद्ध यांचे कारण पुढे केले जाते तेव्हाही हा प्रश्न सोडू नये. नागरी व राजकीय हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार संकटकाळात काही हक्कांवर तात्पुरती मर्यादा घालू देतो, परंतु जीविताचा हक्क आणि छळापासून मुक्तता यांना त्या काळातही हात लावू देत नाही. आपल्या देशाने हा करार स्वीकारला आहे का, हे पाहून घ्यावे.

नोंद

या भागावर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घोषणा शेवटच्या दिवशीही सुचतात. साक्षीदाराची ताजी आठवण मात्र आठवड्याभरात विरघळू लागते आणि तिच्या जागी इतरांकडून ऐकलेले येऊन बसते.

चंपारणमध्ये १९१७ साली निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या प्रशासनाविरुद्ध गांधी उभे राहिले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या वकील सहकाऱ्यांनी सुरुवात सभांनी केली नाही. त्यांनी हजारो रयतेचे जबाब लिहून घेतले. प्रत्येक शेतकऱ्याची कसून उलटतपासणी करावी आणि जो तीत टिकणार नाही त्याचा जबाब घेऊ नये, असा नियम होता. गुप्त पोलिसांचा अधिकारी तेथे बसत असे आणि त्याला सौजन्याने बसू दिले जाई, कारण लपवण्यासारखे काही नव्हते. या साहित्यामुळेच सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तीत गांधींनाही घ्यावे लागले आणि १९१८ मध्ये चंपारणसाठी कायदा झाला.

जबाब घेताना साक्षीदाराला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे आणि आपण सुचवलेले विशेषण त्याच्या तोंडी घालू नये. स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि अंदाजाने ठरवलेले या तिन्ही गोष्टी कागदावर वेगळ्या ठेवाव्यात. तारीख, वेळ, जागा, गणवेशाचे वर्णन, वाहनाचा क्रमांक, उच्चारलेले नेमके शब्द हे आधी लिहावे, भावना त्यानंतर. लिहून झाल्यावर जबाब वाचून दाखवावा, दुरुस्त्या त्याच्यासमोर कराव्यात आणि तो कोठे वापरला जाणार याची संमती घ्यावी. प्रसिद्धीला होकार आणि न्यायालयात नाव देण्याला होकार हे दोन स्वतंत्र होकार आहेत. ज्यांना धोका आहे त्यांच्या जबाबावर सांकेतिक क्रमांक घालावा आणि क्रमांक व नावे जुळवणारी यादी वेगळ्या माणसाकडे, वेगळ्या जागी ठेवावी.

चित्रफितीबाबत लोकांचा एक गैरसमज असतो की ती स्वतःच बोलते. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे २५ मे २०२० रोजी पोलिसांनी पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात वैद्यकीय त्रासाचा उल्लेख होता. एका सतरा वर्षांच्या मुलीने फोनवर केलेल्या चित्रणामुळे ते निवेदन उघडे पडले. ते चित्रण उपयोगी पडले, कारण ते सलग होते आणि त्यात माणसे, जागा व कालावधी स्पष्ट दिसत होता. म्हणून चित्रण करताना कापाकापी करू नये, आजूबाजूची पाटी, इमारत किंवा घड्याळ एकदा तरी चौकटीत घ्यावे आणि स्वतःची शेरेबाजी टाळावी. मूळ फाइल जशीच्या तशी राखावी. निरोपांच्या ॲपवरून पुढे पाठवलेल्या प्रतीतून तारीख, वेळ आणि ठिकाणाची माहिती बहुतेकदा गळून जाते, त्यामुळे ती पुरावा म्हणून दुबळी होते. फाइल कोणी, कधी, कोणाला दिली याची साखळी लिहून ठेवावी. मारहाण किंवा छळाचा आरोप असेल तर वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी व्हावी. अशा तपासणीची आणि नोंदीची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या १९९९ च्या इस्तंबूल प्रोटोकॉलमध्ये दिलेली आहे आणि तो जाणणारा डॉक्टर सापडला तर पुढचे बरेच काम हलके होते.

नोंदीच्या भाषेविषयी सोव्हिएत संघातील असंतुष्टांकडून शिकावे. ‘चालू घडामोडींची बखर’ अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे टंकलिखित पत्र एप्रिल १९६८ मध्ये सुरू झाले आणि मधल्या खंडासह साधारण दीड दशक हातोहात फिरत राहिले. त्यात अटका, झडत्या, खटले यांची कोरडी, विशेषणरहित नोंद असे आणि मागील अंकातील चूक लक्षात आली की पुढील अंकात तिची दुरुस्ती छापली जाई. ज्या राजवटीत सत्य छापणेच गुन्हा ठरत होता, तेथे या माणसांनी स्वतःच्या चुका जाहीर केल्या आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसला. आकड्यांबाबतही हीच शिस्त हवी. अर्जेंटिनातील लष्करी राजवटीनंतर नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये बेपत्ता झालेल्यांची ८,९६१ प्रकरणे नोंदवली आणि ही यादी अपुरी असल्याचेही सांगितले. मानवी हक्क संघटना ३०,००० हा आकडा मांडतात. दोन्ही आकड्यांना अर्थ आहे, परंतु पहिल्यामागे एकेक नोंद उभी आहे आणि कोणी उलट विचारले तर ती दाखवता येते. आपल्या पत्रकात नेहमी पहिल्या प्रकारचा आकडा छापावा.

अर्ज, पोच आणि नकार

‘तक्रार करून काही होणार नाही’ हे खरे असले, तरी तक्रार करावीच. तोंडी धमकी किंवा तोंडी आदेश मिळाला, तर त्याच दिवशी त्या कार्यालयाला पत्र लिहावे की आपण आज अमुक वाजता मला असे सांगितलेत, हा आदेश कोणत्या नियमाखाली आहे ते लेखी कळवावे. उत्तर बहुधा येत नाही, पण पोच आणि आवक क्रमांक हाती राहतो आणि पुढे ‘असे कोणी बोललेच नाही’ म्हणणे अवघड होते. अपिलाच्या मुदती पहिल्याच दिवशी शोधून लिहून ठेवाव्यात. मुदत उलटल्यामुळे बुडालेली खरी प्रकरणे फार आहेत.

चिलीमध्ये लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत कॅथलिक चर्चच्या आश्रयाने १९७६ पासून चाललेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या संस्थेच्या वकिलांनी अटक झालेल्यांसाठी हजारो बंदीप्रत्यक्षीकरण अर्ज, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करा असे सांगणारे अर्ज, केले. न्यायालयांनी ते जवळजवळ सगळे फेटाळले. तरीही प्रत्येक अर्जामुळे त्या माणसाचे नाव, अटकेचा दिवस आणि साक्षीदार कागदावर आले आणि लोकशाही परतल्यावर १९९०-९१ च्या सत्यशोधन आयोगाला हेच दप्तर उपयोगी पडले. भारतात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले, तेव्हा न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत लिहिले; २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताचा तो निकाल मोडीत काढला. नकारही लेखी मिळवावा, तो यासाठी.

सरकारच्या ताब्यातील कागद मागण्याचा कायदा आता अनेक देशांत आहे. असा पहिला कायदा स्वीडनने १७६६ मध्ये केला. आपल्याकडचा असा कायदा वापरताना ‘सर्व माहिती द्या’ असे मागू नये. विशिष्ट आदेशाची प्रत, टिपणीची पाने, खर्चाची पावती, हजेरीपट असे मोजके मागावे, म्हणजे नाकारायला सबब उरत नाही. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा रोजगाराच्या कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली जात. कामावर कधीच न गेलेल्यांची नावे त्यात निघत आणि ते ओळखायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज पडत नसे. त्या चळवळीचा भारताच्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे.

आणखी एक गोष्ट तातडीने करावी : आपल्यासारखे दुसरे शोधावेत. कार्यालयात प्रत्येकाला स्वतंत्रपणे ‘अशी तक्रार फक्त तुमचीच आहे’ असे सांगितले जाते. रोबोडेटच्या नोटिसा मिळालेल्यांनाही सुरुवातीला चूक आपलीच असेल असे वाटत होते. स्वयंसेवकांनी अनुभव एकत्र जमवायला घेतल्यावर त्यामागची पद्धत दिसू लागली.

दबाव कोठे द्यावा

येथवरचे काम शांतपणे झाले असेल, तरच रस्त्यावर येण्याला वजन येते. प्रत्येक अन्याय्य कृती कोणाच्या तरी सहकार्यावर चालते : कोणी हिशेब ठेवतो, कोणी दार उघडतो, कोणी वाहन चालवतो, कोणी फक्त गप्प राहतो. यांपैकी कोणाचा हात आखडला तर ती कृती थांबेल, हे शोधावे. चौकात मोठी गर्दी जमवण्यापेक्षा हा शोध जास्त मोलाचा असतो, आणि गर्दीच्या छायाचित्रावर समाधान मानणाऱ्या नेत्यांविषयी मी थोडा साशंक असतो.

पूर्व जर्मनीत ७ मे १९८९ रोजी स्थानिक निवडणुका झाल्या. मतमोजणी खुली असते, असे तेथील कायद्यातच लिहिलेले होते, म्हणून काही नागरिक मतदान केंद्रांवर जाऊन बसले आणि विरोधी मते मोजून आले. सरकारने ९८.८५ टक्के मते बाजूने पडल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या वहीतील बेरीज जुळेना. त्यांच्या तक्रारी फेटाळल्या गेल्या, पण दर महिन्याच्या ७ तारखेला बर्लिनमध्ये निदर्शने होऊ लागली. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७०,००० लोक हिंसेविना चालले आणि सज्ज पोलिसांनी माघार घेतली. फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत आकडे जुळत नाहीत हे पाहून निवडणूक आयोगाच्या केंद्रातील तीसहून अधिक संगणक कर्मचारी काम सोडून बाहेर पडले आणि निकालाची विश्वासार्हता त्या रात्रीच संपली. आपल्या आंदोलनात यंत्रणेतल्या अशा माणसाला बाहेर पडण्याची वाट असली पाहिजे. सर्व कर्मचाऱ्यांना सरसकट लुटारू ठरवणारी घोषणा ती वाट बंद करते.

बहिष्कार हा दुसरा मार्ग. त्याची बहुतेक मेहनत पडद्यामागे असते. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात वर्णभेदी बससेवेवरील बहिष्कार ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चालला, याचे कारण लोकांना कामावर नेण्यासाठी खासगी गाड्यांची शिस्तबद्ध व्यवस्था उभी केली गेली. दरम्यान दुसरी मंडळी न्यायालयात गेली होती आणि अखेर बस-भेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालानेच बहिष्कार संपला. रस्ता आणि न्यायालय यांत एक निवडावे लागते, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण पाहावे.

हिंसेबद्दल नैतिक चर्चा बाजूला ठेवली तरी हिशेब स्पष्ट आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या संशोधकांनी १९०० ते २००६ या काळातील मोहिमांचा अभ्यास केला, त्यात अहिंसक मोहिमांपैकी सुमारे ५३ टक्के आणि सशस्त्र मोहिमांपैकी सुमारे २६ टक्के यशस्वी ठरल्या. हिंसा झाली की म्हातारी माणसे, मुले, नोकरदार घरी थांबतात, सरकारी यंत्रणेतील साशंक लोक पुन्हा वरिष्ठांमागे उभे राहतात आणि बातमी मूळ आरोपाची न राहता दगडाची होते. कायदा मोडायचाच असेल, तर तो जाहीरपणे, आधी कळवून आणि शिक्षा पत्करण्याच्या तयारीने मोडावा. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाला निघण्यापूर्वी गांधींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला बेत कळवला होता.

माणसे सांभाळणे

अटक होऊ शकते हे गृहीत धरून वकिलाचा क्रमांक फोनमध्ये न ठेवता पाठ करावा, घरची व्यवस्था कोण पाहणार हे आधी ठरवावे आणि ठाण्याबाहेर कोण थांबणार हेही. पोलंडमध्ये १९७६ च्या संपानंतर कामगारांना तुरुंगात टाकले आणि कामावरून काढले, तेव्हा काही बुद्धिजीवींनी कामगार संरक्षण समिती स्थापली. तिचे काम वकील देणे आणि कुटुंबांना पैसे पोचवणे हे होते आणि सदस्यांनी आपली नावे व पत्ते उघड छापले होते. उघडपणा हेही संरक्षण असू शकते, मात्र तो स्वेच्छेचा हवा. खबऱ्यांचा धोका खरा आहे : अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्यूनोस आयर्समध्ये, बेपत्ता मुलांसाठी ‘प्लाझा दे मायो’ चौकात जमणाऱ्या मातांमध्ये १९७७ साली एक नौदल अधिकारी बेपत्ता तरुणाचा भाऊ म्हणून मिसळला आणि त्याच्या खुणेवरून डिसेंबरमध्ये संस्थापक मातांपैकी तिघींचे अपहरण झाले. यावर सर्वांवर संशय घेणे हा उपाय नाही, कारण त्याने संघटना आतून सडते. संवेदनशील माहिती ज्याला तिची गरज आहे त्याच्यापुरतीच ठेवावी आणि बाकी सर्व काम असे करावे की खबऱ्याला सांगण्यासारखे काही उरू नये.

मागणी आणि तडजोड

‘न्याय हवा’ ही मागणी पूर्ण झाली की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला होता, आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांनी मागितले काय, तर या वाढीची निष्पक्ष चौकशी. ही मागणी इतकी मर्यादित होती की ती नाकारताना सरकारच हटवादी दिसू लागले. चौकशी झाली आणि अधिकाऱ्यांनी सहा टक्क्यांच्या आसपासची वाढच योग्य ठरवली. तडजोडीत कैद्यांची सुटका, जप्त जमिनींची परतफेड आणि राजीनामे दिलेल्या पाटील-तलाठ्यांची फेरनियुक्ती हीही कलमे होती. ज्यांनी सर्वांसाठी नुकसान सोसले त्यांचा उल्लेख नसलेल्या कागदावर सही करू नये.

सही झाल्यावर निम्मे काम शिल्लक असते. पोलंडमधील ग्दान्स्क येथे ३१ ऑगस्ट १९८० रोजी संपकऱ्यांच्या २१ मागण्यांवर करार झाला, तरी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेची नोंदणी करताना वॉर्सातील न्यायालयाने तिच्या घटनेत सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व मान्य करणारे कलम परस्पर घातले. संपाचा इशारा दिल्यानंतर १० नोव्हेंबरला वरिष्ठ न्यायालयाने ते काढले. पुढच्या वर्षी १३ डिसेंबरला लष्करी कायदा पुकारला गेला आणि संघटना भूमिगत झाली. म्हणून तडजोडीच्या प्रत्येक कलमापुढे मुदत, ते पाळण्यास जबाबदार असलेले पद आणि आपल्या बाजूने पाहणी करणाऱ्याचे नाव लिहावे. पहिल्या पाहणीची तारीख सहीच्याच बैठकीत ठरवावी, आणि सर्व जबाब, पोचपावत्या व मूळ फाइली कोणाकडे, किती ठिकाणी आणि किती वर्षे राहतील हे त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवूनच मंडप सोडवावा.